एक्केचाळीस नंबरच्या पिंजऱ्यातली पिल्लं

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आमच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोशेजारी कधी लिंबू-मिरची लटकली नाही. माझे बाबा इंग्लंडात स्लाऊला राहतात, रिटायर्ड आहेत. लहानपणी "काहीतरी दिसलं" म्हटलं की ते एकच विचारायचे, "पुरावा?" त्यामुळे या ग्रुपवरचे तुमचे चकवे नि पडके बंगले मी चहा पीत वाचते आणि हसते... आज स्वतःच लिहायला बसलेय. माझं प्रकरण मात्र ओंजळीत मावेल एवढं आहे.

एडिनबरातल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं प्राण्यांची देखभाल करते. सध्या सायबेरियन हॅमस्टर आहेत. रात्र लांबली की यांच्या मेंदूत मेलाटोनिन जास्त वेळ तयार होतं, शरीराला कळतं की हिवाळा आला. मग केस पांढरे होतात आणि पिल्लं होणं बंद. नराचे वृषण तर वाटाण्याचे मूग होतात! म्हातारपणी हा निरोप नीट पोचतो का, हे आम्ही बघत होतो. म्हणून एका खोलीत रोज आठच तास उजेड, बाकी अंधार.

एक्केचाळीस नंबरमध्ये सगळ्यात म्हातारी जोडी होती. मादीचं चक्र कधीच थांबलेलं. नराचं माप दर सोमवारी मी घ्यायचे – मुगाएवढंच. दोघंही पांढरीशुभ्र, म्हणजे निरोप पोचला होता.

सकाळी खोलीत शिरताना मी सगळ्या पिंजऱ्यांना 'जय भीम' करते. सवय आहे, हसू नका. ही म्हातारी चार महिने कोपऱ्यात झोपून असायची. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारपासून मात्र मी जय भीम म्हटलं की जाळीशी यायला लागली, तोंडात टिश्यूची चिंधी घेऊन. मला वाटलं, थंडी वाजत असेल.

पुढच्या मंगळवारी पिंजऱ्यातून बारीक चीं-चीं ऐकू आली... वाकून पाहिलं तर चार पिल्लं. गुलाबी, उघडीनागडी. मी कार्डावरचा नंबर पुन्हा वाचला – एक्केचाळीसच.

आमची मॅनेजर मार्गारेट म्हणाली, "दार उघडं राहून उजेड आत गेला असेल, नाहीतर तू पिंजरे बदलले असशील." माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं. लाइटचं रेकॉर्ड काढलं – एक मिनिटही जास्त नाही. कातडीखालच्या चिप वाचल्या – तीच मादी, तोच नर. पिल्लांची डीएनए टेस्टही केली. आईबाप हेच.

मार्गारेट बाई वाईट नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पिंजऱ्याचं कार्ड चुकलं असं लिही, ही जोडी आपण स्टडीतून काढून टाकू. कॉन्ट्रॅक्टचं मी बघते."

घरी रियाला, माझ्या मुलीला, सांगितलं. ती इथेच जन्मलेली. म्हणाली, "आई, जस्ट लिहून टाक ना. एक छोटा चूक आहे!"

खरं सांगते, मन डळमळलं. मग बाबांना फोन लावला.

"तुझी चूक झाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. सगळं दोनदा तपासलं."

"मग न केलेल्या चुकीखाली सही कशी करशील?"

दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं: चूक सापडली नाही. कारण माहीत नाही. खाली सही केली. मार्गारेटने ते वाचलं आणि माझ्या सहीखाली स्वतःचीही केली. कॉन्ट्रॅक्ट दोन आठवडे लटकलं, मग मिळालं.

पिल्लं स्वतःचं स्वतः खायला लागली त्याच आठवड्यात म्हातारी गेली. शेवटपर्यंत पांढरी होती. ग्लासगोहून दोन शास्त्रज्ञ येऊन सगळं उलटसुलट तपासून गेले, त्यांनाही काही सापडलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. पण "तूच कुठेतरी चुकली असशील" म्हणू नका, मी ऐकणार नाही.

परवा स्लाऊला गेले होते. बाबांनी माझ्याकडून रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो मागवला होता, तो छापून फ्रेम करून घेतलाय. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी लावलाय. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात आणि म्हणतात, "कारण माहीत नाही, असं लिहिलंय बघा माझ्या मुलीने."