जनादादांची मूठ

चिडले की जनादादा टेबलावर मूठ आपटायचे आणि समोरचा चहाचा कप उडायचा. माझ्या मुलाखतीतच पहिला कप उडाला, तो माझ्या शर्टावर. बदलापूर गावातल्या शेतकरी घरचा हा गडी एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर कसा झाला, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं.

काम खरं तर सहा जणांचं. पण हाताखाली जितकी माणसं जास्त तितका साहेब मोठा, अशी कंपनीची रीत. भरतीचे दिवस होते. दादांनीही नऊ जण भरले. त्यात सख्खा पुतण्या केतन. "खुर्चीत बसवलेल्याला उठवायला पण आपल्यालाच लागतं," असं ते तेव्हाच बोलायचे आणि तरीही भरायचे.

मग कपात आली. तीन नावं द्या, सोमवारी सकाळी त्यांना मेल जाईल, गेटचे पास बंद होतील, असा वरून हुकूम. त्या दिवशी मूठ काचेच्या पार्टिशनवर बसली.

"मयताची खबर आपण दारात जाऊन देतो," रक्त पुसत ते मला बोलले. "इथं जित्या माणसाची भाकर काढतोय, तर मेल? रविवारी गाडी काढ."

मला वाटलं, मी सोबतीला.

पहिलं घर त्यांच्या थोरल्या भावाचं. तो अंगणात लाकडं फोडत होता. दादांनी केतनचं नाव सांगितलं. भावाने कुऱ्हाड खाली ठेवली, एक दांडका उचलला आणि दादांच्या उजव्या हातावर तीनदा हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला फाटकापाशी ऐकू आला. दादांनी हात मागे घेतला नाही.

"झालं तुझं?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी दवाखान्याचं काढलं. "आधी घरं." वांगणीला दुसऱ्या सहकाऱ्याच्या बायकोने भरलेला तांब्या तोंडावर फेकला. दादांचा ओठ फाटला. परतताना मी विचारलं, "तिसरं कुठं, दादा?"

"अंबरनाथ पश्चिम. तुझी बिल्डिंग."

मी गाडी कडेला घेतली. त्यांचा तोच हात धरला आणि पिळला. दिवसभरात पहिल्यांदा ते ओरडले. मी सोडला नाही. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

"झालं तुझं पण?" घाम पुसत ते म्हणाले. "आता चल. तुझ्या आईला मी सांगतो." आणि सांगितलं. पोराच्या कामात खोट नाय, भरती माझी चुकली, म्हणाले. हात जोडता येईनात म्हणून मान खाली घालून उभे राहिले.

आठ महिन्यांनी एका सकाळी दादांचा पास गेटवर चालेना. त्यांच्या दारात कोणीच गेलं नव्हतं. कळल्यावर मी गेलो.

"खबर द्यायला आलास?"

"उशीर झाला, दादा."

ते संतापले. आपटायला हात उचलला, पण बोटं मिटेनात. उघडाच पंजा टेबलावर पडला. कप जागचा हलला नाही.