नवतप्यातले दोन लॅपटॉप

आमच्या घरात लॅपटॉप एकही नाही, पण लॅपटॉपच्या वह्या आठ आहेत. हसायचं असेल तर हसून घ्या, मी दहा वर्षांपासून हसून राहिले आहे. वह्या माझ्या नवऱ्याच्या, कृष्णकांतांच्या. नागपूरच्या आमच्या खामल्यात कोणाला मोठा, महागाचा, खेळाचा नाहीतर कामाचा लॅपटॉप घ्यायचा असला की तो आधी आमच्या दारात येतो, मग दुकानात जातो. हे त्याला चहा पाजतात, म्हणजे करते मी आणि पाजतात हे, आणि मग वही उघडतात.

यांची नोकरी पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात आरेखकाची होती. चौतीस वर्षं कालव्यांचे नकाशे काढले. कॉम्प्युटर आले तेव्हा साहेबांनी चाळिशीच्या वरच्या सगळ्यांना सांगून टाकलं, हे तुमच्यानं होणार नाही, तुम्ही जुन्या नकाशांची कपाटं सांभाळा. यांनी कपाटं सांभाळली आणि दर रविवारी बर्डीवरच्या एका क्लासात कॉलेजच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटर शिकून घेतला. वर्षभरात साहेबांचेच नकाशे यांच्याकडे यायला लागले.

कार्यालयातले ते कॉम्प्युटर कोणीतरी कागदावरचे आकडे वाचून घेतले होते. खोलीवर टिनाचं छप्पर. मे लागला की अकरा वाजतापासून एकेक मशीन मान टाकायची. तेव्हापासून यांचा एकच हेका आहे. मशीन पारखायची तर नागपूरच्या मे महिन्यात, भर दुपारी, बंद खोलीत. त्यातही नवतपा असला तर उत्तम. नवतपा म्हणजे मेअखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत शहाणा माणूस दाराबाहेर पाय ठेवत नाही. हे त्या नऊ दिवसांची दिवाळीसारखी वाट बघतात.

यांना घरी मशीन देतो गौरांग. धरमपेठेत त्याचं दुकान आहे आणि तो माझा चौथीतला विद्यार्थी. लोकांना बघायला मांडून ठेवलेले नग तो यांना एका दिवसासाठी घरी नेऊ देतो. पाढे माझ्या हातच्या छड्या खाऊन शिकलेला आहे, नाही म्हणायची त्याची काय बिशाद.

तर मागच्या वर्षी मेच्या सुरुवातीला कामिनी आली. कुहीजवळच्या धानाच्या शेतीवाल्या घरातली सून, तिशीची, बोलायला मोकळी. धंतोलीत हाडांच्या एका डॉक्टरकडे काम करायची. काम मोठं न्यारं. रोग्याचा स्कॅन आला की ती कॉम्प्युटरवर त्याचं हाड जसंच्या तसं उभं करायची, सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवायची. डॉक्टरला चिरायच्या आधीच कळायचं कुठे काय तुटलं आहे. पण सासूला लकवा झाला आणि रोज नागपूरला येणं जमेना. डॉक्टरांनी जूनपासून दोन महिन्यांची मुदत दिली. घरून करून दाखव. एकही मॉडेल उशिरा आलं नाही तर काम तुझंच, आलं तर मी दुसरी मुलगी बघतो.

"मले दुसरं काई येत नाई, काका," ती यांना म्हणाली. "हेच येते अन् हेच आवडते. लॅपटॉप चुकला त माह्यं काम गेलं समजा."

सोबत तिचा नवरा ऋषिकेश होता. शाळेत क्लार्क, स्वभावानं गरीब गाय, पण संध्याकाळी दोन तास मित्रांसोबत कॉम्प्युटरवर बंदुकांचा खेळ खेळल्याशिवाय याला जेवण जात नाही. घरात घ्यायचं ते एकच मशीन. दिवसा हाडं आणि संध्याकाळी बंदुका, असं मी म्हटल्यावर तो बिचारा लाजला.

गौरांगनं दोन नग काढून ठेवले. त्यांना लॅपटॉप म्हणायचं ते आपलं रीत म्हणून. टेबलावरचा अख्खा कॉम्प्युटर घडी करून दिलेला, मांडीवर घेतला तर मांडी बधिर होईल. एक काळा, खेळासाठी केलेला. अठरा इंची पडदा, चित्र इतकं झरझर पळणारं की माझे डोळे फिरले, बटणांखाली लग्नाच्या मांडवासारखे रंगीत दिवे. वजन सव्वातीन किलो आणि चार्जरची वीट वेगळी एक किलोची. दुसरा राखाडी, कामासाठी केलेला. दिसायला सरकारी फाइलसारखा. पडद्याचे रंग खरे, आवाज कमी, बिघडला तर माणूस घरी येऊन दुरुस्त करणार. पण त्याच पैशात ग्राफिक्सची ताकद काळ्यात जास्त. कामिनीचा जीव राखाडीवर, ऋषिकेशचा काळ्यावर, आणि दोघंही तोंडानं म्हणत होते, तुला पाहिजे तो घे.

"भांडू नका," हे म्हणाले. "नवतप्यात बघू."

यांची परीक्षा अशी. कामिनीची गुडघ्याची एक जड फाइल दोन्ही मशीनींवर आळीपाळीनं एकेक तास चालवायची. खिडक्या बंद, पंखा बंद, कूलर तर नावालाही नाही. आत किती गरम झालं याची रेघ मशीन स्वतःच पडद्यावर काढत राहते, ती हे वहीत उतरवून घेतात. चिप नव्वदीच्या वर गेली की मशीन जीव वाचवायला हळू चालते, असं यांचं म्हणणं.

पहिली पाळी काळ्याची होती. दीड वाजता बसले. बाहेर सेहेचाळीस. आणि हे बनियन घालून, हातात वही धरून, घामानं निथळत. अडुसष्ट वय, वर बीपीची गोळी. मी दोनदा सांगितलं, अहो, मराल. ऐकतील तर शपथ. थोड्या वेळानं पाणी घेऊन गेले तर खुर्चीतच डोळा लागलेला, मान एका बाजूला पडलेली, चेहरा लालबुंद.

मी कूलर लावला. आमचा कूलर खिडकीत, टेबलाच्या अगदी समोर. पंप चालू केला, जाळीतली घास ओली झाली, थंड झोत आला. यांच्या चेहऱ्याची लाली हळूहळू उतरली, श्वास नीट झाला. मी तिथेच उभी राहिले. अर्ध्या तासानं हे खोकले, तशी मी कूलर बंद करून स्वयंपाकघरात पळाले. चोरी पकडली जाऊ नये एवढंच तेव्हा डोक्यात होतं. मशीनचा विचार शिवलासुद्धा नाही.

हे उठले, पडद्यावरची रेघ बघितली आणि खूश झाले. "चारू, तासभर चालून चौऱ्याऐंशीवरच आहे हा. खेळाचा असून काय शांत आहे." नंतर राखाडीची पाळी झाली. तेव्हा हे टक्क जागे होते, खोली परत भट्टीसारखी तापली होती. राखाडी अठ्ठ्याऐंशीला टेकला. वहीत दोन्ही आकडे लिहिले गेले आणि कामिनीला सांगितलं, काळा घे. ताकद जास्त, गरमही कमी होतो. ऋषिकेशनं यांच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं.

साडेतीन आठवड्यांनी, जूनच्या एका शनिवारी सकाळी, कामिनी काळा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून एसटीनं आली. मशीन मेली होती. पाऊस अजून आला नव्हता. तिच्या खोलीवर टिन, आणि दुपारी मशीन पहिल्याच दिवसापासून सत्त्याण्णवला जायची, चालायची बैलगाडीसारखी. मग तिनं काय करावं? आपल्याकडे जो-तो जे करतो तेच. मशीन उचलून कूलरच्या तोंडाशी ठेवली. बरं वाटलं, तिला आणि मशीनलाही. तीन आठवडे कूलरचे बारीक छिटे आत जात राहिले. गौरांगच्या कारागिरानं उघडलं तर आतल्या पाटीवरचं तांबं हिरवं पडलेलं, पाण्याचा क्षार बसलेला. ओल लागली म्हणजे वॉरंटी नाही.

सोमवारी सकाळी भिवापूरच्या एका म्हाताऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. मॉडेल रविवारी संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं आणि ते अर्धंही झालेलं नव्हतं.

हे वही घेऊन बसले. "चौऱ्याऐंशी," म्हणाले. परत पानाच्या शेवटचा आकडा बघितला. "चौऱ्याऐंशीच लिहिलं आहे. तुझ्याकडे सत्त्याण्णवला काहून जातो?" आणि मग वही मिटली. "कामिनी, चूक माझी आहे. मी नीट वाचलं नसेल. वय झालं."

मी दारात उभी होते. तोंड उघडलं नाही. आजही सांगताना मला माझी लाज वाटते.

मुलगा अपूर्व हैदराबादला जाताना त्याचा जुना कॉम्प्युटर, उभ्या डब्याचा, आमच्याकडे ठेवून गेला होता. त्यावर मी क्रोशाचं झाकण घालून ठेवलं होतं. हे उठले, झाकण काढलं, डबा उघडून धूळ झटकली आणि कामिनीला त्यावर बसवलं. चार तासांचं काम त्या डब्यानं अकरा तासांत केलं, पण केलं. कामिनी रात्री आमच्याकडेच राहिली आणि रविवारी पाच वाजता मॉडेल गेलं. सोमवारी डॉक्टरांचा फोन आला, खुबा नीट बसला. लॅपटॉप दुरुस्त व्हायला पंधरा दिवस लागणार होते. तेवढे दिवस ऋषिकेश रजा काढून आईजवळ थांबला आणि कामिनी रोज सकाळच्या एसटीनं आमच्याकडे यायला लागली.

काम वाचलं तिचं. पण यांचं काहीतरी मोडलं. सातही वह्या माळ्यावर गेल्या. बजाजनगरचे गोपाळराव नातीसाठी विचारायला आले तर यांनी दारातूनच सांगितलं, माझं आता आकड्यांवर लक्ष राहत नाही, दुसऱ्याला विचारा. बीपीची गोळी घेतली का, हे मला दोनदा विचारायचे. विजेचं बिल माझ्याकडून वाचून घ्यायचे. एकदा गॅस बंद आहे का ते बघायला तीनदा उठले. या माणसाला एका साहेबानं एकदा सांगितलं होतं की तुमच्यानं होणार नाही, तेव्हा हा हसला होता. आता हा स्वतःच स्वतःला तेच सांगून राहिला होता, आणि कारण मी होते.

कामिनी यायला लागल्याच्या नवव्या दिवशी मी पोळ्या टाकत होते. हे ताटावर बसलेले, कामिनी पलीकडे कॉम्प्युटरच्या डब्यासमोर. मी तवा उतरवला आणि सांगितलं.

"त्या दिवशी कूलर मी लावला होता. तुम्ही झोपला होतात तेव्हा. काळ्याच्या वेळेला."

कामिनीचा माउसवरचा हात थांबला. यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. अडतीस वर्षांत चार वेळा ओरडले आहेत, ही पाचवी.

"किती वाजता?" यांनी विचारलं.

"दोनला पाच कमी असतील."

"बंद?"

"अडीचच्या आधी. तुम्ही खोकलात तेव्हा."

हे उठले. हातसुद्धा धुतला नाही, तसेच स्टुलावर चढून माळ्यावरून सातवी वही काढली. पान उघडलं. डाव्या हाताच्या बोटानं ओळीवरून सरकत गेले. एक पन्नासपर्यंत एक्क्याण्णव, त्र्याण्णव, पंच्याण्णव. दोनपासून चौऱ्याऐंशी. उठल्यावर खुशीत यांनी शेवटचा आकडा तेवढा धरला होता, डोळा लागायच्या आधीची सुरुवात मात्र जशीच्या तशी उतरवून ठेवली होती.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं," हे म्हणाले. मग स्टुलावरच बसले. "चारू, मी बरोबर वाचलं होतं गं."

डोळे भरले होते यांचे. माझेही भरले. मी म्हटलं, मला माफ करा, मी आधीच सांगायला पाहिजे होतं. यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते मी भोगलं, माझंच होतं. पण गोळी न विचारता घेतली आणि गॅस बघायला उठले नाहीत.

कामिनीला मी वेगळं सांगितलं, बाई, तुझं नुकसान माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, "काकू, मशीन त म्याच कूलरसमोर ठेवली ना. तुमी काकाले थंडं केलं, म्या लॅपटॉपले. आपलं दोघीचं डोकं एकच हाये." दुरुस्त झालेला लॅपटॉप ती घेऊन गेली. आता तो कूलरपासून लांब, उंच जाळीच्या घडवंचीवर असतो. दुपारी मंदावतो, म्हणून ती पहाटे पाचला कामाला बसते. दोन महिन्यांची मुदत संपली आणि डॉक्टरांनी काम तिलाच ठेवलं. संध्याकाळच्या बंदुका सुरूच आहेत.

यंदाच्या नवतप्यात ती आपल्या मैत्रिणीला, दिपालीला, घेऊन आली. दिपालीला लग्नाच्या व्हिडिओंसाठी मोठा लॅपटॉप हवा होता. यांनी काही विचारायच्या आधी कामिनीच म्हणाली, "काय वं दिपाली, तुह्या घरी कूलर कोन्या भिंतीले हाये ते सांग पयले." हे हसले आणि वही काढायला उठले.

आठवी वही आहे ती. मी डोकावून बघितलं. आधी तिच्यात आकड्यांचा एकच रकाना असायचा, बंद खोली. आता दोन आहेत. दुसऱ्याच्या वर यांनी आरेखकाच्या त्या नीट, सरळ अक्षरात 'चारू' लिहिलं आहे. म्हणाले, नागपुरात कोणी बिनकूलरचं बसत नाही, तर तेही मोजायला पाहिजे.

दीड वाजता यांनी मशीन सुरू केली. मी आत वरणाला फोडणी देत होते. दोनला पाच कमी असताना हाक आली, "चारू, ये. तुझी वेळ झाली."

मी हात पुसले आणि कूलर लावायला गेले.