खिलारे शालन, कार्ड बंद

जयमालाबाईंना दुपारची झोप येत नाही, असं त्या सगळ्यांना ठासून सांगतात. पण आज रविवार, शाळा बंद, पोटात भाकरी आणि वांग्याची भाजी, वर पंख्याची एकसारखी कुरकुर आणि पुढ्यात ग्रंथालयातल्या पुस्तकांची उघडी दाखल नोंदवही. अशा वेळी जागं राहायची कुणाची टाप आहे? मान एकदा खाली जाते, दुसऱ्यांदा जाते. तिसऱ्यांदा ती वर येतच नाही.

बेचाळिसाव्या वर्षी बाई एम.लिब. करतायत. सातवीला मराठी शिकवून शिकवून घसा बसला, तेव्हा शाळेनं त्यांना ग्रंथालयात आणून बसवलं आणि रीतसर शिकून या म्हणून सांगितलं. बी.लिब. उरकलं, आता हे. उद्या प्रकल्प द्यायचा आहे: हरवलेल्या पुस्तकांची यादी आणि प्रत्येकापुढे हरवण्याचं कारण. एकशे सदतीस कारणं लिहून झालीत. वाळवी, पूर, बदली होऊन गेलेले शिक्षक. एकशे अडतिसाव्यापाशी पेन अडलंय. क्रमांक २२१४, खोल समुद्रातले मासे, रंगीत चित्रं. त्यापुढे जुन्या ग्रंथपालांच्या तिरप्या अक्षरात शेरा: 'खिलारे शालन, ७ ब. कार्ड बंद.'

शालननं ते पुस्तक कधी उघडलंसुद्धा नव्हतं. ते तीस वर्षांपूर्वी, याच शाळेत सातवीत असताना, जयमालानं दप्तरात घालून नेलं होतं. ग्रंथालयाची खोली झाडायची पाळी शालनची होती, एवढ्यावरून तिचं नाव पुढे आलं, आणि तिच्या बाकावर शेजारी बसणारी जयमाला गप्प राहिली. त्यानंतर शालनला शाळेतून एकही पुस्तक मिळालं नाही. गेल्या श्रावणात ती काविळीनं गेली. बाई मातीला गेल्या होत्या, पण लांबच उभ्या राहिल्या.

पंख्याची कुरकुर थांबते. टेबलापुढे कुणीतरी उभं आहे.

बाई मान वर न करता विचारतात, "काय हवंय, बाळ?"

"पुस्तक पायजे हुतं."

डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसतो निळा फ्रॉक, वेण्यांच्या टोकाला लाल रिबिनी. बाईंना त्यात काहीच वावगं वाटत नाही. वाचक पहिल्या फटक्यात खरं काय ते मागत नाही, हळूहळू विचारत जायचं, असं त्यांना शिकवलंय, आणि परीक्षेत त्यावर त्यांना चांगले गुण पडलेत.

"कशावरचं?"

"माशांवरचं."

"नाव आठवतंय?"

"न्हाई. मी वाचलंच न्हाई की."

"मग कशासाठी हवंय?" हा प्रश्न वाचकाला कधी करायचा नाही, असं पुस्तकात चौकटीत छापलंय. पण तो तोंडातून निसटतो.

"त्याच्यापायी मला चोर म्हनत्यात. म्हनू द्यात. पन त्यात काय हुतं, येवढं तरी कळू दे की, जयू."

आता बाई वर बघतात. फ्रॉक बारा वर्षांच्या मुलीचा आहे, पण चेहरा चाळिशी ओलांडलेल्या बाईचा. डोळे हळदीसारखे पिवळे.

"शालन, तू बस ना," त्या म्हणतात. बसायला खुर्ची नाही. कपाटांच्या रांगेत आता खाटा आहेत, सरकारी दवाखान्यातल्या लोखंडी खाटा, आणि प्रत्येक खाटेच्या दांडीवर पांढऱ्या चिठ्ठीत क्रमांक चिकटवलाय. बाईंच्याच अक्षरात. खाटांवर चादरी ओढून कोण निजलंय, ते दिसत नाही. २२१४ ची खाट रिकामी आहे.

"हितंच ठेवलं हुतं मला," शालन म्हणते. "तू बघायला आली न्हाईस."

"यायचं होतं गं."

"दारापातूर आलीवतीस. मी बघितलं."

ते खरं आहे. हातात मोसंब्यांची पिशवी घेऊन बाई वॉर्डाच्या दारातून परत फिरल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्यांना भयंकर लाज वाटते, आणि तिच्याहून जास्त भीती.

पायाला गार लागतं. फरशीवर पाणी आहे. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, आणि खिडक्यांबाहेर मैदान नाही, नुसता काळोख आहे. शालन खाटेच्या कडेवर बसून पाय हलवते आहे.

"सांग की मग. काय हुतं?"

बाई सांगू लागतात. "जिथं ऊन पोचत नाही तिथं एक मासा राहतो. तो स्वतःचा दिवा स्वतःच्या कपाळावर घेऊन फिरतो."

"मग?"

"दिवा बघून बाकीचे मासे जवळ येतात. आणि तो त्यांना खातो."

"आनि शेवटी?"

पाणी छातीशी आलंय.

"शेवटी काय, जयू?"

"शेवटचं पान मी वाचलंच नाही. त्याच्यावर शाळेचा शिक्का होता, म्हणून फाडून चुलीत घातलं."

शालन हसते, शाळेत हसायची तसंच, तोंडावर हात धरून.

"म्हंजी तुलाबी म्हाईत न्हाई! आन् मी उगंच तुझा हेवा करत बसले गं, जलमभर."

बाईंना रडू फुटतं. "शालन, माझं चुकलं. मी बोलायला हवं होतं."

"मला सांगून काय उपेग? कारन ल्ही," ती म्हणते आणि बाईंचं मनगट धरते. तिचा हात ओला आणि अतिशय थंड आहे. पाणी डोक्यावरून जातं.

पंखा कुरकुरतो आहे. बाईंचा गाल नोंदवहीच्या पानाला चिकटलाय. खिडकीबाहेर मैदानात लख्ख ऊन आहे. पदर कोरडा, फरशी कोरडी, पेनाला टोपण तसंच लावलेलं. स्वप्नच ते, असं म्हणत त्या चष्मा चढवतात आणि पानाकडे बघतात.

२२१४ पुढे, जुन्या शेऱ्याखाली, आणखी एक ओळ आहे. सकाळपासून दहादा बघितलेल्या पानावर ती नव्हती. 'हे पुस्तक मी नेले. बाबर जयमाला, ७ ब.' माहेरचं आडनाव, गोल गोल अक्षर, आणि लांब शेपटीचा ज, जो त्यांनी आठवीतच सोडून दिला. बाई त्या ओळीवरून बोट फिरवतात. शाई ताजी नाही. विटून तपकिरी झालीय, कडेनं पानात पसरलीय, तीस वर्षं तिथंच असल्यासारखी.

खणात खोडायची पांढरी शाई आहे. उद्या प्रकल्पासाठी मुख्याध्यापिका नोंदवहीवर सही करतील तेव्हा त्या काही पानन् पान चाळणार नाहीत, हेही बाईंना ठाऊक आहे. त्या खण उघडतात आणि काही न घेता बंद करतात. मग पेनाचं टोपण काढून त्या ओळीखाली आजची तारीख घालतात आणि आपलं आताचं पूर्ण नाव लिहून सही करतात.