गावाच्या नावाची नोट

अमेरिकेतल्या आमच्या छोट्या गावातल्या जुन्या बँकेत आता कॉफी शॉप आहे. बाहेर बर्फ पडत असला की तिथल्या तिजोरीच्या खोलीत बसून मला उगाचच शाईचा वास येतो. एकेकाळी ही बँक गावाचं नाव छापलेल्या चलनी नोटा काढायची आणि कॅशियर प्रत्येक नोटेवर स्वतः सही करायचा.

आमच्या शेजारचे आजोबा त्या कॅशियरचे नातू. दिवाळीत आम्ही पैशांची पूजा करतो हे ऐकून त्यांनी जपून ठेवलेली एक नोट पूजेपुरती फ्रेममधून काढून दिली. सही विटून तपकिरी झाली होती.

भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने मला न विचारता नोटेला हळदीकुंकू लावलं. मी चिडले. डाग पडला की अशा नोटेची किंमत जाते.

"मग लक्ष्मीला काय कुंकवाशिवाय ठेवायचं?" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी ओशाळून नोट परत द्यायला गेले. आजोबांनी ती खिडकीच्या उजेडात बराच वेळ धरली.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ही कुणीतरी वापरली," ते म्हणाले आणि त्यांनी ती तशीच फ्रेममध्ये लावली.

आई मार्चमध्ये परत गेली. आजोबांच्या भिंतीवर, नोटेवरच्या आमच्या गावाच्या नावावर, तिच्या बोटाचा लाल ठसा आहे.