पाणी वाढणारे दाजी

आमच्या पालम भागात शेंगदाण्याला कुणी वेगळा पदार्थ समजत नाही. मीठ असतं तसा तो असतोच. वांग्याच्या भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, उपवासाच्या भगरीवर शेंगदाण्याची आमटी, आणि घरात काहीच नसलं तर भाकरीवर दाण्याची चटणी. भाजीत शेंगदाणा आहे का विचारलं तर बाई खुशाल नाही म्हणते. अख्खा दाणा नाही ना दिसत? कूट तर असायचाच, तो काय सांगायचा! अशा मुलखात माझ्या दाजींना शेंगदाणा चालत नाही. आवडत नाही असं नव्हे, चालत नाही. कणभर पोटात गेला तर ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात, गळा आवळतो आणि श्वास अडकतो.

दाजी म्हणजे परमेश्वर, माझ्या थोरल्या बहिणीचे, राजेश्रीअक्काचे मालक. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नीट करून द्यायचं त्यांचं पालमला दुकान आहे. मी गोपाळ, त्यांचा मेहुणा, आणि नावाजलेला खादाड. लग्नात मी नवरा-नवरी नंतर बघतो, आधी आचारी कोण आहे ते बघतो. त्यामुळं जो माणूस जन्मात कुणाच्या पंगतीला बसला नाही, त्याच्याकडं मी नेहमी तोंडात बोट घालूनच बघत आलो.

लहानपणी जत्रेत गुडदाणी खाल्ली आणि दाजी आडवे झाले. आईनं बैलगाडीत घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. गावानं मात्र निदान दवाखान्याच्या आधीच करून टाकलं होतं: पोराला कुणीतरी चारलं. आमच्याकडं चारलं म्हणजे करणी करून खाऊ घातलं. मग लिंबू झाले, अंगारे झाले. पुढं बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या एका डॉक्टरनं नीट विचारपूस करून शेंगदाण्याचं नाव घेतलं, पण तोवर दाजींचंच नाव पडलं होतं. परमेश्वर कुणाच्या हातचं खात नाही, त्याला सगळ्या जगाचा संशय आहे, असं लोक बोलायचे. कुणी म्हणायचं शिष्ट आहे, कुणी म्हणायचं आमची जात काढतो. शेतकऱ्याच्या विहिरीवर दिवसभर उन्हात राबून हा माणूस जेवणाच्या वेळी आपला डबा घेऊन झाडाखाली बसायचा. घरधनीण ताट घेऊन उभी राहायची आणि मनातून उतरायची.

पण दाजींनी एक तोड काढली होती. लग्न असो, बारसं असो, पंगत बसली की ते पाण्याची बादली आणि तांब्या उचलायचे. या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून पाणी वाढायचे, आणि पंगती उठेपर्यंत हे चाललेलं असल्यामुळं माणूस जेवला की नाही हे कुणाच्या ध्यानातच यायचं नाही. काय नम्र माणूस आहे, म्हणायचे लोक. मला ठाऊक होतं, तो उपाशी आहे.

त्यांची लेक भक्ती लग्नाची झाली आणि पाण्याचा तांब्या कामी येईना. मुलीच्या बापाला पंगतीत पाणी वाढता येतं, पण सोयरिकीच्या बैठकीत त्याच्यासमोर बशी येते. मागच्या वर्षी एक चांगलं स्थळ आलं. त्यांच्या घरी पोहे झाले, वर दाणे. दाजींनी बशी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. पोट बरं नाही म्हणाले. चौथ्या दिवशी निरोप आला, की आमच्या घरचं अन्न ज्यांना चालत नाही त्यांची लेक आम्हाला चालत नाही. अक्का म्हणाली होती, खरं सांगून टाका. पण खरं सांगितलं तर घराणं रोगट ठरतं, लेकीच्या अंगीही असेल म्हणतात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

यंदा दुसरं स्थळ आलं. म्हणजे आलं कसलं, भक्ती आणि तो मुलगा, माऊली, परभणीला एकाच कॉलेजात शिकलेले. दोघांनी आपसांत ठरवून आम्हाला फक्त हो म्हणायचा मान ठेवला होता. मुलगा देवगाव फाट्याच्या पलीकडं नव्यानं झालेल्या पार्कात पाळण्यांची विद्युत कामं बघतो. त्याची आई सगुणाबाई त्याच पार्कातलं भोजनालय चालवते. नवरा मागंच गेलेला. रविवारी गिऱ्हाईक सोडून येता येत नाही, तर तुम्हीच सगळे इकडं जेवायला या, असा तिनं निरोप धाडला. जेवायला या! भक्तीला दाजींनी बजावून ठेवलं होतं, तुझ्या सासरी माझ्या दुखण्याचं तोंडातून काढायचं नाही.

जीपमध्ये दाजी माझ्या शेजारी बसले होते. मागं अक्का आणि भक्ती. जिंतूर रोड लागला तसे ते माझ्या कानाशी आले.

"गोपाळ, आज ताटात जे येईल ते मी खाणार हाय."

मला वाटलं गंमत करतात. तोंडाकडं पाहिलं तर गंमत नव्हती.

"लेकीची सोयरीक माझ्या तोंडापायी दुसऱ्यांदा मोडू द्यायची न्हाई," ते म्हणाले. "सुई तुझ्या अक्काच्या पिशवीत हाय. तिला टोचता येती. तू फक्त जीप दारात उभी ठेव."

चष्म्याच्या जुन्या डबीत एक सुई आणि औषधाची कुपी अक्का जन्मभर बाळगत आली आहे, हे मला माहीत होतं. पण सुई म्हणजे जिवाची हमी नव्हे, हेही डॉक्टरनं सांगितलेलं होतं. मी म्हटलं, असं करू, आधी मी प्रत्येक पदार्थ चाखतो, कूट लागला तर जोरात खोकतो. दाजी हसले. म्हणाले, तुझ्या तोंडात घास गेल्यावर तुला खोकायचं सुधरंल का? चेष्टा करण्यासारखा तो प्रसंग नव्हता, पण त्यांनी केली.

पार्क बघून मात्र मी घटकाभर सगळं विसरलो. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं समुद्र होता! भोंगा वाजला की सिमेंटच्या हौदात लाटा उठायच्या आणि लुगडं नेसलेल्या म्हाताऱ्या एकमेकींचा हात धरून त्यात उभ्या राहून हसायच्या. मधोमध आकाशपाळणा, एवढा उंच की वरच्या खोक्यातली माणसं चिमणीएवढी. पोरं ओली, लोक आनंदी, आणि सगळीकडून तळणाचा वास. दाजींनी तो वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला.

फाटकावर रखवालदारानं अक्काची पिशवी तपासली आणि डबा बाहेर काढला. बाहेरचं अन्न आत नेता येत नाही, तसा नियमच. तेवढ्यात माऊली धावत आला, डबा येऊ दे म्हणाला. पण दाजींनीच हात वर केला. नियम सगळ्यांना सारखा, ठेवा इथंच, असं म्हणून त्यांनी स्वतः डबा रखवालदाराच्या टेबलाखाली सरकवला. अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं. तिनं पिशवी छातीशी धरली आणि नंतर खाली सोडलीच नाही.

भोजनालयाच्या दारातच एक गिऱ्हाईक भांडत होतं. पोह्यात दाणे नाहीत, मिसळीत दाणे नाहीत, चटणीच गायब, पैसे घेता आणि हातचं राखता काय, म्हणत होतं. गल्ल्यावरची मुलगी त्याला शांतपणे सांगत होती, की आज आमच्याकडं शेंगदाणा नाही. मी ते ऐकलं आणि जागीच उभा राहिलो. दाजींनीही ऐकलं असावं, पण त्यांना त्याचा अर्थ लागला नाही.

सगुणाबाई बाहेर आली. उंच, काळीसावळी, पदर कमरेला खोचलेला. रामराम झाला. पाणी झालं. आणि मग पाव्हण्यांना खुर्च्या द्यायच्या सोडून ती दाजींना म्हणाली, "दादा, आधी सैपाकघर बघा. मग बसा."

सोयरिकीला आलेल्या पुरुषाला कुणी स्वयंपाकघर दाखवतं का? आम्ही सगळेच मागं गेलो. सगळी जागा धुऊन काढलेली, भिंतीसुद्धा. जुनी कढई आणि तवा बाहेर उन्हात पालथे पडले होते; चुलीवर नवा तवा, नवं पातेलं, नवं उलथनं. शेंगदाण्याची पोती दोन दिवसांपूर्वीच गावातल्या घरी धाडली होती. मसाला तिनं घरच्या उखळात कुटला होता आणि भाकरीचं पीठ घरच्या जात्यावर दळलं होतं, कारण गिरणीत आधी कुणी काय दळलं असेल सांगता येत नाही. दाजींची नजर तेलाच्या डब्यावर गेली. तो करडीच्या तेलाचा होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की घाण्यावर करडी गाळतात तशा शेंगाही गाळतात. सगुणाबाई म्हणाली, म्हणूनच तुमचा सैपाक तेलात केला न्हाई, घरच्या म्हशीच्या तुपात केलाय.

दाजींनी चौकटीला हात टेकला. भक्तीकडं पाहिलं. ती म्हणाली, "बाबा, मी सांगितलं. तुमी रागवा."

ते रागावले नाहीत. मी दाजींसोबत इतकी वर्षं काढली, किती आचारी बघितले, किती पंगती उठवल्या. एका माणसाच्या एका जेवणासाठी कुणी एवढ्या मोठ्या पार्काचं भोजनालय रविवारी असं उलथंपालथं करेल हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. बाहेर आकाशपाळणा फिरत होता, तो मला आता बुटका वाटला.

एका बाजूला सतरंजी टाकून पानं मांडली. दाजी सवयीनं पाण्याच्या बादलीकडं वळले. माऊलीनं ती आधीच उचलून ठेवली होती. दाजी मग अवघडून, मांडी नीट घालता न येणाऱ्या माणसासारखे, पानावर बसले. तुरीचं वरण, तुपातली मेथी, ठेचा आला. भाकरी तेवढी यायची राहिली.

आतून एक म्हातारी आली. हातात परात, परातीत वाफाळती भाकरी. ती उंबऱ्यातच थांबली. सगुणाबाईनं तिला हाताला धरून पुढं आणलं.

"ही माझी चुलती, बायनाबाई," ती दाजींना म्हणाली. "तुमची भाकर हिनंच थापली. खायच्या आधी तुमाला सांगायला पाहिजे."

मग तिनं सांगितलं. सगुणाबाईचा एक धाकटा भाऊ होता, नागनाथ. पंचमीला हसत खेळत चुलतीच्या घरी गेला. चुलतीनं त्याला दाण्याचा लाडू दिला. अर्धाच खाल्ला असेल. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज बसला, आणि गाडी जुंपेपर्यंत पोरगं गेलं. चुलतीला लेकरू नव्हतं. लोकांना तेवढं पुरलं. हिनं पोराला चारलं, असं गावानं ठरवलं, घरानंही ठरवलं. त्या दिवसापासून बायनाबाईच्या हातचं पाणीसुद्धा कुणी प्यायलं नाही. ती गावाकडेला एकटी राहिली, एकटीपुरतं रांधलं, एकटीनं खाल्लं.

"भक्तीनं तुमचं दुखणं सांगितलं," सगुणाबाई म्हणाली, "तवा मला माझा नागनाथ दिसला, दादा. तसाच. ओठापासून गळ्यापस्तोर तसाच. आमी ह्या बाईला जितेपणी मारलं."

बायनाबाई खाली बघत होती. तिनं एवढंच म्हटलं, की लेकराला लाडू आवडायचा, म्हणून दिला होता.

जन्मभर कुणाच्याही हातचं न खाल्लेला माणूस पानावर बसला होता आणि जिच्या हातचं कुणीच खात नव्हतं ती बाई भाकर घेऊन उभी होती. माझ्या अंगावर काटा आला. देवळात जाऊनही मला असं कधी झालं नव्हतं.

दाजींनी ताट दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढं धरलं.

"वाढ, माय."

तिनं भाकर ठेवली. त्यांनी तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि तोंडात घातला. अक्काचा हात पिशवीत होता. ते चावत राहिले, गिळलं, आणि आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडं बघत राहिलो. मग त्यांनी दुसरा तुकडा मोडला. तिसरा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तशी अक्का घाबरून पुढं झाली. पण ते ठेच्याचंही नव्हतं आणि दुखण्याचंही नव्हतं. अक्कानं पिशवी बाजूला ठेवली.

सगुणाबाई तेव्हा त्यांच्या शेजारच्या रिकाम्या पानावर येऊन बसली. यजमानीण पाव्हण्यांच्या पंगतीला बसत नाही, पण ती बसली आणि तिनंही आपलं ताट बायनाबाईपुढं केलं. म्हातारी किती तरी वेळ त्या ताटाकडं बघतच राहिली. मग तिनं भाकर वाढली आणि विचारलं, "तूप घेतीस का, सगुणा?"

सोयरिकीचं बोलणं कुणी काढलंच नाही. दाजींना ठसका लागला आणि त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आज पाणी वाढायला कुणीच नाही. मी माझं भरलेलं ताट तसंच सोडून उठलो आणि तांब्या उचलला.