उंदरांच्या पोटातली गाठ

इतकी वर्षं हे सांगायचं टाळलं, कारण यात माझी हुशारी कुठेच दिसत नाही.

आतडं कापून शिवल्यावर ते कसं भरून येतं, हे मी कॉलेजात उंदरांवर तपासत होतो. पिंजरे सांभाळणारे मामू जवळा बाजार या गावचे. आपल्या डब्यातली भाकरी ते उंदरांना चुरून घालायचे. ऑपरेशननंतर मात्र दिवसभर काही द्यायचं नाही, असा माझा हुकूम होता.

एकदा चार उंदीर मेले. मी ताबडतोब आमच्या विभागप्रमुख साहेबांना सांगितलं, "मामूंनी भाकरी घातली, टाके तुटले."

मामू म्हणाले, "डॉक्टरसाब, कुटका बी दिला न्हाई. तुमची गाठ बघा की एकदा."

त्यांना कामावरून काढल्यावर मी उंदीर उघडले. पोटात भाकरी नव्हती, माझ्या गाठी तेवढ्या सुटलेल्या होत्या. बुटाची नाडी धड न बांधता येणारा मी, आतडी शिवायला बसलो होतो! तरी गप्पच राहिलो.

परवा बाजारात मामू वांगी विकताना दिसले. थकले होते, पण त्यांनी मला ओळखलं.

"मामू, ते उंदीर..."

"व्हय, बोला की."

"वांगी ताजी आहेत ना?"

पिशवी भरून परतलो. म्हणायचं होतं ते एवढंच: मामू, गाठ माझीच सुटली होती. मला माफ करा.