उजवीकडे बघणारा माणूस

माझ्या सासऱ्यांचा हत्ती पुण्याच्या प्रत्येक पेठेत आहे. लग्न नारायण पेठेत असो की सदाशिव पेठेत, दाराच्या दोन बाजूंना सोंड वर करून जे दोन हत्ती उभे असतात, ते त्यांचेच. दोन म्हणजे एकच. त्यांच्या आज्यानं कधीतरी एक हत्ती कागदावर काढला, रेघेरेघेवर सुईनं टोचून भोकं पाडली, आणि तेव्हापासून हे घराणं तो कागद भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत आलं आहे. भोकांतून काळे ठिपके भिंतीवर उतरतात, ठिपके जोडले की हत्ती तयार. समोरचा हत्ती हवा असला की कागद उलटा करायचा. या टोचलेल्या कागदाला खाका म्हणतात. एवढ्या भांडवलावर माणसं स्वतःला चितारी म्हणवून घेतात आणि लोक त्यांना पाट मांडून जेवू घालतात.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं रंग घोटले. त्यांच्याकडे खाक्यांची एक पेटी होती. हत्ती, घोडे, मोर यांचा एकेक खाका, माणसांचे मात्र दोन-दोन; एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे बघणारा. एका कागदात भागत असताना दोन कशाला, असं मला वाटे, आणि तो त्यांच्या मंदपणाचा आणखी एक पुरावा म्हणून मी मनात ठेवून दिला. विचारलं मात्र कधी नाही. खाका वापरणाऱ्याला विचारायचं काय?

कारण मला चित्रं दिसत. दिसत म्हणजे समोर उभी राहत. हौदावर दोन बायका भांडत असल्या तर एकीच्या मानेवरची शीर, दुसरीच्या कमरेवरच्या घागरीतून हिंदकळलेलं पाणी, तिसरीनं हसू नये म्हणून दाबून धरलेलं तोंड, सगळं घरी आल्यावरही जसंच्या तसं दिसे. मग मी कागद घ्यायचो. पहिली रेघ ओढेपर्यंत सगळं ठीक असायचं. पुढे एकीचा हात दुसरीच्या पाठीतून निघे, घागर चपटी होई आणि तिसरीची दाढ दुखत असावी असं वाटे. मी कागद फाडायचो आणि दोष कागदाला द्यायचो. कागदानंतर कुंचल्याला, मग उजेडाला, मग बायकोला. हाताला द्यायला मला पुष्कळ वर्षं लागली.

त्यातही डावीकडे तोंड केलेला माणूस माझ्याकडून एकवेळ निघे. दहा-वीस कागद घालवले की एखादा बरा उतरे. उजवीकडे बघणारा कधीच नाही. त्याचं नाक एकीकडे जाई, हनुवटी मागे राही, आणि डोळा कानाशी काहीतरी कुजबुजायला गेल्यासारखा सरके. सासऱ्यांनी एकदा असा एक कागद उचलून बराच वेळ निरखला. म्हणाले, "जावईबापू, आपलं डोकं हुजूरच्या वाड्यात पोचलंय. हात अजून वेशीबाहेर उभा आहे." आणि कागद चुलीकडे देऊन टाकला.

एका वर्षी सदाशिव पेठेतल्या एका कारकुनानं लग्नाची भिंत रंगवायला सासऱ्यांना बोलावलं. सासरे दुसऱ्या कामात अडकलेले, म्हणून मी गेलो. हा गृहस्थ हुजूरच्या फडात, म्हणजे सरकारी कचेरीत होता आणि श्वाससुद्धा समोरच्यावर उपकार केल्यासारखा घेई. मुलीचं लग्न ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर होतं. मी आयुष्यातल्या पहिल्या स्वतंत्र भिंतीसाठी भुकेलेला. ही एक भिंत जमली की मी चितारी. नाही जमली तर जन्मभर सासऱ्यांचा रंगघोट्या, हे मला पक्कं माहीत होतं.

"हत्ती नकोत," आतल्या दारातून कारकुनाची बायको म्हणाली. "हत्ती सगळ्यांकडे आहेत."

या एका वाक्यावर मी त्या बाईंचा भक्त झालो. त्यांचा थोरला मुलगा लष्कराबरोबर उत्तरेत गेला होता, पत्रं लिहिण्याच्या कामावर. चार महिने त्याचंच पत्र नव्हतं. बाई म्हणाल्या, "लग्नात कानपिळीला नवरीचा भाऊ लागतो. जावयाचा कान चुलतभाऊ पिळेल, त्याचं काही नाही. पण हा निदान भिंतीवर असू दे. देवघराच्या दाराच्या एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला हे. दोघं समोरासमोर संध्येला बसलेले. काढता येईल?"

"मला दिसतंयच," मी म्हणालो. खरं तर त्यांनी विचारलं होतं ते काढता येईल का. मी दिसण्याचं उत्तर दिलं.

कारकून तिथंच उभा होता. खांबाकडे बघत म्हणाला, "काढा. ती म्हणते ते काढा." मला वाटलं, या शहाण्याचं कचेरीत चालतं आणि घरात चालत नाही. मी मनातल्या मनात हसून घेतलं.

मग बाईंनी मुलगा सांगितला. वाचताना खालचा ओठ दातात धरायचा. तेल लावताना कानात जाईल म्हणून एक खांदा वर करायचा. तो खांदा तसाच वर राहिला, आता चालतानाही थोडा वरच असतो. त्या बोलत होत्या आणि तो मुलगा माझ्यासमोर येऊन बसला. मला त्याच्या भुवया दिसल्या, नखं दिसली. सख्ख्या भावाला मी इतकं नीट कधी पाहिलं नसेल. मी घरी आलो तो जवळजवळ धावतच.

आठ दिवस कागद फाडले. शेवटी डावीकडे तोंड केलेला, मांडी घालून बसलेला, हातातल्या पळीनं पाणी सोडणारा एक माणूस उतरला. वर केलेल्या खांद्यामुळे मान आखडली होती, ओठ दातात धरण्याऐवजी कुणी चावल्यासारखा झाला होता. पण माणूस होता. आता बाप. बाप समोर बसायचा, म्हणजे उजवीकडे बघायचा. पुढचे सहा दिवस काय काय निघालं ते सांगायची मला आजही लाज वाटते.

बायको म्हणाली, "बाबांच्या पेटीत संध्येला बसलेला आहे. उजवीकडे बघणारा. आणू का?"

"त्यापेक्षा मी भीक मागेन," मी म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, तर आयुष्यभर ज्याला नाक मुरडलं तेच केलं. मुलाच्याच कागदाला टोचून भोकं पाडली, भिंतीच्या एका बाजूला तो सुलटा धरला, दुसऱ्या बाजूला उलटा. उलट्याला पोट वाढवलं, मिशी पांढरी केली, कपाळावर आठ्या घातल्या. झाला बाप. वर मनाची समजूतही घातली, की पेटी सासऱ्यांची नाही, खाका माझा स्वतःचा आहे.

काम पुरं होईस्तोवर कुणी बघायचं नाही अशी माझी अट होती. भिंतीपुढे मी चादर टांगली होती. मोठे चितारी असं करतात अशी माझी कल्पना. त्या चादरीमुळे घरातल्या बाराजणांपैकी एकालाही मला वेळीच अडवता आलं नाही.

लग्नाआधी चार दिवस सकाळी मी चादर काढली. बाई आधी मुलाकडे गेल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे कोण?"

"आपले चिरंजीव."

"बरं," त्या म्हणाल्या. हे 'बरं' मी अजून विसरलेलो नाही. मग त्या दुसऱ्या बाजूला वळल्या. "हे मात्र हेच. पोट अगदी..." आणि थांबल्या. त्यांनी एक हात आपल्या डाव्या खांद्याला लावला, मग उजव्याला. दोन पावलं मागे सरून दोन्ही चित्रं एकदम पाहिली.

तेव्हा मीही पाहिलं. माणूस उलटा केला की जानवंही उलटं होतं. आमच्या गळ्यात जानवं नाही, माझ्या डोळ्यांना त्याची सवय नव्हती. पण पुण्यात राहून एवढं मलाही कळत होतं. जानवं असतं डाव्या खांद्यावर. ते उजव्या खांद्यावर घेतात ते मेलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं तेव्हा. माझ्या भिंतीवर बापाचं जानवं उजव्या खांद्यावर होतं, तो पळीनं पाणी सोडत होता, आणि समोर मुलगा बसला होता. सासरे माणसांचे दोन खाके का ठेवतात ते त्या क्षणी मला समजलं.

मी म्हणणार होतो, आता पुसतो, चूक झाली, घटकाभराचं काम आहे. तेवढ्यात कारकून बाहेरून आला. डोक्यावर पगडी तशीच. त्यानं भिंत पाहिली. बायकोकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?" बाईंनी विचारलं.

तो देवघराच्या उंबऱ्यावर बसला. पत्र वीस दिवसांपूर्वीच फडात आलं होतं. मुलगा तापानं गेला होता, छावणीतच. बातमी फुटली तर सुतक, मुहूर्त टळला की पुढे चातुर्मास, आणि वरपक्ष तोवर थांबेल याची खात्री नाही. म्हणून या गृहस्थानं वीस दिवस पत्र दाबून ठेवलं. रोज घरी येऊन जेवला. बायको मुलाचा खांदा सांगत होती तेव्हा खांबाकडे बघत उभा राहिला. पुढे पुष्कळांनी मला सांगितलं की बापाचीही कीव करावी. मला करता आली नाही.

बाई रडल्या नाहीत. आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी चादर घडी करत बसलो. ती नीट घडी होईना.

पुढचे दिवस मी अधिक वाईट वागलो. ही हकीकत पेठेत पसरली ती अशी, की एक चितारी आहे, त्याला न सांगता कळतं. हौदावर लोक माझ्याकडे वळून पाहू लागले. एक म्हातारा आपल्या हरवलेल्या भावाबद्दल विचारायला आला. एक बाई कोकणातून परत न आलेल्या नवऱ्याचं वर्णन घेऊन आली. मी नाही म्हणालो नाही. डोळे अर्धवट मिटायचो, मान हलवायचो. इतकी वर्षं मला दिसत होतं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता काही दिसलं नव्हतं तर दारात चपलांची रांग. मला ती आवडत होती, हे लिहिलं पाहिजे.

सासरे जाऊन भिंत बघून आले. माझ्या दारात चपला न काढता उभे राहिले. "खाका उलटलात," म्हणाले. "माणसांचे दोन का ठेवतो, एवढं एकदा विचारायचं होतंत, जावईबापू." त्यांनी हे बाहेर कुणाला सांगितलं नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मी त्यांचा कमी द्वेष केला असता.

लग्नाचा मुहूर्त टळला. मुलाचा तेरावा झाल्यावर बाईंनी बोलावणं धाडलं. भिंत तशीच होती, कुणी हात लावला नव्हता. कारकून घरात नव्हता. बाईंनी मला बसायला सांगितलं, पाण्याचा तांब्या आणि गूळ पुढे ठेवला.

"पत्रात दोनच ओळी आहेत," त्या म्हणाल्या. "ताप आला, गेला. बाकी काही नाही. तुम्हाला दिसलं होतं ना? मग सांगा. शेवटी कसा दिसत होता? कुणी जवळ होतं का?"

मी डोळे मिटले. हौदावरच्या बायका, लढाया, कधी न पाहिलेल्या नद्या, नको नको ते मला जन्मभर दिसत आलं. त्या वेळी एक तंबू दिसला असता, एक कांबळं दिसलं असतं, तरी मी त्यावर काहीतरी रचून सांगितलं असतं. तोंडात शब्द तयार होते. 'चिरंजीव शांत होते, आपलं नाव घेत होते.' कुठल्याही आईला पटेल असे. पण मला दिसला तो भोकं पाडलेला कागद. त्याच्या दोन्ही बाजूंना कोळसा लागला होता.

"मला काही दिसलं नव्हतं," मी म्हणालो. "एकच कागद होता. तो उलटा लावला. जानवं माझ्या ध्यानात आलं नाही."

"उलटा का लावलात?"

"उजवीकडे बघणारा माणूस मला काढता येत नाही."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या, ज्याला त्यांनी ओळखलं नव्हतं त्या मुलाकडे. मग पुन्हा माझ्या हातांकडे.

"एवढ्यासाठी?" त्या म्हणाल्या.